बिनअडसराचे वाडे

हात काढा आधी त्या भोकातून, बाई. आत विंचू असतात आणि दवाखाना नदीच्या पलीकडे आहे. बघायचंच असेल तर जरा लांबून बघा.

दरवाजाच्या आतल्या अंगाला, दोन्ही भिंतींत, छातीच्या उंचीवर ही चौकोनी भोकं दिसतात ना? डावीकडचं वीतभर खोल आहे. उजवीकडचं इतकं खोल, की हातातली काठी आत घातली तर काठी संपते, भोक संपत नाही. इथं अडसर असायचा. अखंड सागाचा, माणसाच्या मांडीएवढा जाड. दिवसा तो उजव्या भिंतीच्या पोटात सरकवून ठेवायचा आणि दिवेलागणीला ओढून डाव्या भोकात बसवायचा. मग बाहेरून कुणी कितीही धडका मारो, दार जागचं हलत नसे. वेळूघाटच्या या नदीकाठच्या आळीत आठ वाडे आहेत. जोती काळ्या घडीव दगडाची, दारांवर लोखंडी खिळे, आणि प्रत्येक दरवाजामागे ही अशी भोकं. पण एकाही वाड्यात अडसर नाही. तुमच्यासारखेच एक साहेब आले होते, म्हणाले, जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्यांनी नेले असतील. दुसरे म्हणाले, इंग्रजांनी जप्त केले असतील. दोघांनाही मी चहा पाजला. 

अडसर चोरीला गेले नाहीत. वाड्यांनी ते आपल्या हातांनी काढून दिले. कुणाला, तर साळू भोईणीला. टेका त्या ओट्यावर, सांगतो. आणि ते कॅमेरे जरा खाली ठेवा.

साळू ही खालच्या भोईवाड्यातली. तिचा नवरा देसायांची पालखी वाहता वाहता घाटात छाती धरून बसला तो उठलाच नाही. तेव्हापासून नाव साळूच चालवायची. बाईमाणसानं वल्हं हातात घेतलं म्हणून गावानं आधी नाकं मुरडली. मग पलीकडे जायची वेळ आली की तीच नाकं मुठीत धरून तिच्यापुढे उभी राहायला लागली, कारण इथल्या कृष्णेत पाण्याखाली खडक आहेत आणि त्यांच्यामधली वाट साळूइतकी कुणाला ठाऊक नव्हती. तिला एकच मूल, ठकू नावाची पोर. आठ-नऊ वर्षांची असेल. नवऱ्याच्या मागं साळू जगली ती त्या पोरीकडे बघून, असं सांगतात.

त्या साली वरच्या वाड्याचे सुभानराव देसाई यांनी नवा दरवाजा बांधला. तो हा, तुम्ही ज्याच्या उंबऱ्यात उभ्या आहात तोच. कारागीर कोकणातून आणलेले, साग घाटावरून उतरवलेला. भाद्रपदात मुहूर्त निघाला. उंबऱ्याची पूजा व्हायची, मग घरच्या सुनेनं भरली घागर घेऊन पहिलं पाऊल टाकायचं. तोवर त्या उंबऱ्यावरून कुणी आत-बाहेर करायचं नाही, असा देसायांचा हुकूम. घरची माणसंसुद्धा मळ्याकडच्या मागच्या दारानं येत-जात होती.

मुहूर्ताच्या आदल्या दिवशी नदी चढली. देसायांची बहीण आणि पूजेचे भटजी पलीकडच्या काठावर अडकले. देसायांनी साळूला बोलावलं आणि म्हणाले, तुझ्याशिवाय हे काम होणार नाही. ते खरंच होतं. साळू निघाली, निघताना ठकूला म्हणाली, “पानी चढलं तर पिंपळाबिंपळावर चढू नगंस, निसटशील. सरळ देसायांच्या दारात जा. आपुन त्येंच्याच कामाला चाललोय, घेतील आत.”

साळूनं पाहुणे आणले. जीव पणाला लावून आणले. ओढ इतकी होती, की घाटाला नाव लागेना, म्हणून तिनं ती वरच्या अंगाला मळ्याजवळ लावली. पाहुणे चिखल तुडवत मागच्या दारानं वाड्यात गेले आणि त्यांना लगेच गरम दूध मिळालं, असं सांगतात. ही दुधाची गोष्ट इथल्या बायका कधी विसरत नाहीत.

इकडे पाणी भोईवाड्यात शिरलं होतं. बाकीची भोईमंडळी घाटावरच्या पिंपळावर चढली आणि वाचली. ठकू पिंपळाखालून पुढे पळाली. चढ गं, चढ गं, म्हणून वरून लोक ओरडले. ती म्हणाली, आईनं देसायांच्या दारात जा म्हणून सांगितलंय. पायऱ्या चढून ती या दारापाशी आली आणि दोन्ही हातांनी दार बडवायला लागली. आळीच्या दोन्ही टोकांना नाल्याचं पाणी भरलेलं, बाहेर पडायला वाटच नव्हती. पिंपळावरच्या माणसांनी सगळं डोळ्यांनी पाहिलं आणि कानांनी ऐकलं. पोर हाका मारत होती. आतून उत्तर आलं नाही. आला तो अडसर सरकल्याचा आवाज. दार आधी नुसतं लोटलेलं होतं, पोरीच्या हाका ऐकून आतून अडसर घातला. मग ती आळीतल्या एकेका दाराकडे वळली, तर तिथंही आतून अडसर सरकत गेले. देसायांनी उघडलं नाही, मग आपण कशाला उघडा, असा विचार साऱ्या आळीनं केला. ती परत या दारात आली. पाणी उंबऱ्याला लागलं, पायऱ्यांवर धार धरली आणि पोर गेली.

साळूला ती दुसऱ्या दिवशी सकाळी सापडली, खालच्या वळणावर, बाभळीच्या मुळांत. पोरीला मांडीवर घेऊन ती बसली होती तेव्हा इकडे वाड्यात सनई वाजत होती. मुहूर्त टळला नाही.

घरची सून, म्हणजे सुभानरावांची बायको राजसबाई, घागर घेऊन उंबऱ्यापाशी आली. दार उघडलं, तर समोर साळू. दाराच्या खिळ्यांत काचेच्या हिरव्या बांगड्यांचे तुकडे अडकले होते. साळू ते एकेक काढून पदरात टाकत होती. सनई आपोआप थांबली. सुभानराव पुढे आले. म्हणाले, “साळू, फार वाईट झालं. पोर कुणाची ते कळलं नाही. पावसात ऐकू काय येणार? तू काय मागशील ते देतो.”

साळूनं त्यांच्याकडे बघितलं. मोठ्यानं रडली नाही की शिव्या दिल्या नाहीत. म्हणाली, “देसाई, ह्या अडसरानं माजी पोर भाईर ठिवली. येक दिस ह्यो अडसर भाईर येईल. तुमच्या हातानं येईल. तवर पुरात ह्या घराचं मढं माज्या नावंत चढायचं न्हाई.”

लोकांना हा शाप वाटला नाही, बाईचं डोकं फिरलंय असं वाटलं. पण या गावची गोम ऐका. वेळूघाटचं स्मशान पलीकडच्या काठावर आहे. अलीकडे उभा घाट, मागं देवीची राई, तिथं चिता पेटवायची नाही. उन्हाळ्यात नदी गुडघाभर असते, माणसं पायी पार होतात. पुरात मात्र नावेशिवाय गती नाही. आणि पुरात नाव घालणारी साळू एकटीच.

साळू वाट बघत राहिली. देसायांनी साडीचोळी पाठवली, जमिनीचा तुकडा देऊ केला. साडीचोळी घाटावर पडून कुजली. गावातल्या इतर कुणाचं मढं पावसाळ्यात निघालं तर साळू मुकाट नाव सोडायची. आळीतल्या सात घरांचंसुद्धा नेलं तिनं, कारण तिचा शब्द देसायांच्या घरापुरता होता. देसायांची आई चैत्रात वारली, तिला खांद्यावरून पायी पार नेली. चुलते माघात गेले, तेही तसेच. दोन्ही वेळा साळू घाटावर उभी होती. पोरंसोरं तिला हसायची, म्हणायची, गेला की गं तुझा देसाई सुटून! ती आपली दर वर्षी मिरगाच्या आधी नावेला राळ लावायची, फटी बुजवायची. असा राग ताजा ठेवणं सोपं नसतं हो. माणूस दमतं, विसरतं, पोटापाण्याला लागतं. साळू दमली नाही. तिला रोज सकाळी आपलंच बोलणं आठवायचं, पिंपळावर चढू नगंस. आपणच पोरीला त्या दारात धाडली, हे तिला विसरता येत नव्हतं, आणि त्याचा सगळा जाळ तिनं देसायांवर धरून ठेवला होता.

देसाई वरवर हसायचे, पण पावसाळा लागला की त्यांच्या घरात कुणाला नुसती कणकण आली तरी वैद्याला घोडं जायचं. एकदा त्यांनी खालच्या मुलखातून दुसरा नावाडी आणून बसवला. पहिल्याच पुरात त्याची नाव खडकावर फुटली. पोहून काठाला लागला तो कपडे पिळायलासुद्धा थांबला नाही.

अशी बरीच वर्षं गेली. मग एका भाद्रपदात, कृष्णा दोन्ही काठ सोडून वाहत असताना, सुभानरावांचा थोरला मुलगा रघोजी गवताच्या गंजीत हात घालायला गेला आणि त्याला पान लागलं, म्हणजे साप चावला. दुपारपर्यंत खेळ आटोपला. लग्नाचं बघत होते त्याचं.

मढं या चौकात ठेवलं होतं. पाऊस थांबेना, पूर ओसरेना. दुसरा दिवस उजाडला. सुभानराव म्हणाले, पाणी उतरेल तेव्हा नेऊ, पण त्या बाईपुढे जाणार नाही. अडसर म्हणजे घराची अब्रू. तो उपटून भोईणीच्या पायांशी टाकायचा, हे त्यांच्या गळी उतरेना. दुपारपर्यंत चौकात थांबवेना. नाकाला पदर लावून बायका मागच्या सोप्यात गेल्या. तेव्हा रघोजीची आई, राजसबाई, आयुष्यात पहिल्यांदा एकटी घाट उतरली.

“साळू,” ती म्हणाली, “मी देसायांची बायको म्हणून आले नाही. आई म्हणून आलेय.”

“म्या बी आईच हुते, बाईसाब.”

“किती वर्षं झाली त्याला!”

“तुमाला मोजता आली. मला न्हाई.”

राजसबाई खाली मान घालून उभी राहिली. साळू म्हणाली, “पोराशी माजं वैर न्हाई. अडसर आणा. त्येंच्या हातानं. आनि नावंत येकच मानूस चढंल, त्ये सोता.”

राजसबाई वर आली आणि नवऱ्यासमोर उभी राहिली. ती काय बोलली ते कुणाला ठाऊक नाही. सुभानराव उठले एवढं खरं. अडसर पावसानं फुगून भिंतीत गच्च बसला होता. गडी मदतीला धावले, तर त्यांना राजसबाईनं हातानं मागं सारलं. म्हातारा एकटा ओढत राहिला. बोटं सोलली, रक्त आलं. शेवटी करकरत अडसर बाहेर आला. तो खांद्यावर घेऊन सुभानराव देसाई अनवाणी या पायऱ्या उतरले, आणि सगळं गाव दोन्ही अंगांनी उभं राहून बघत होतं. पिंपळावर चढून वाचलेले भोईही त्यात होते. 

नाव सुटली. मढं, विस्तवाचं मडकं, अडसर आणि देसाई. भर प्रवाहात साळूनं वल्हं आडवं धरलं. नाव गरगर फिरायला लागली. देसायांनी दोन्ही हातांनी काठ पकडला.

“खरं सांगा,” ती म्हणाली. “हाका ऐकू आल्या हुत्या?”

सुभानराव मुलाच्या तोंडाकडे बघत होते. म्हणाले, “आल्या होत्या.”

“कुनाची पोर ते ठावं हुतं?”

“होतं. देसाईमामा, मी ठकू, असं ओरडत होती. अडसर मीच घातला. म्हटलं, उंबरा विटाळेल. पाणी तिथवर येईल असं वाटलं नाही, साळू. देवाशपथ वाटलं नाही.”

नावेत तिसरं जिवंत माणूस नव्हतं, मग हे बोलणं कुणी ऐकलं, असं तुम्ही विचाराल. साळूनंच पुढे ते गावाला सांगितलं, म्हणे, आणि विचारेल त्याला मरेपर्यंत सांगत राहिली.

तिनं वल्हं सरळ केलं आणि नाव पलीकडे लावली. तिथल्या उंचवट्यावर दगडी छत्री आहे, तिच्याखाली कोरडी लाकडं रचून ठेवायची गावाची रीत होती. मढं उतरवायला साळूनं हात लावला. लाकडं रचायला लावला नाही. देसायांनी चिता छत्रीखालीच, एकट्यानं रचली, सगळ्यात खाली अडसर घातला आणि मुलाला अग्नी दिला. चितेनं पेट घेतला तसे ते पाठमोरे उभे राहून रडायला लागले. रडणं आवरून वळले तेव्हा नाव काठावर नव्हती. साळू अर्ध्या नदीत पोचली होती.

आधी त्यांना वाटलं, ओढीनं नाव सुटली असेल. मग कळलं. त्यांनी हाक मारली, “साळू!”

ती घाटाला लागली, नाव खुंट्याला बांधली आणि खालच्या पायरीवर नदीकडे तोंड करून बसली. तिन्हीसांज होत आली होती. वर घाटमाथ्याला पाऊस कोसळत होता, पाणी आणखी चढत होतं, आणि पलीकडचा उंचवटा अलीकडच्या घाटापेक्षा बुटका. देसाई हाका मारत होते. पाण्यावरून आवाज फार स्पष्ट येतो, इथं बसून तुम्हीही ऐकून बघा. साळू, नाव आण. साळू, पाणी आलं. दर हाकेला गाव तिच्याकडे बघायचं. भोईवाड्यातले बाप्ये मांडी घालून बसले होते. कुणीही दोर सोडायला उठला नाही.

राजसबाई पदर पसरून म्हणाली, “मुलगा गेला. अडसर दिला. आता काय राहिलं तुझं?”

साळू म्हणाली, “माजी पोर येकल्या अडसरानं मेली न्हाई. समद्या आळीचे अडसर सरकले हुते.”

तेव्हा राजसबाई पळाली. देसायांची बाई, डोक्यावर पदर नाही, अशी भर पावसात आळीतून पळाली. पहिल्या दाराशी गेली, दुसऱ्या दाराशी गेली. दारं बडवत होती, म्हणे, दोन्ही हातांनी. “त्या दिवशी तुम्हीही आत होतात! काढा तो अडसर! काढा!” सात घरांत सात तऱ्हा झाल्या. कुणी म्हणालं, आमचा काय संबंध. कुणी म्हणालं, सकाळी बघू, आता घर उघडं टाकून कसं चालेल? जो तो शेजाऱ्याच्या दाराकडे बघत होता, त्यानं काढला तर मी काढतो. शेवटी घराघरांतल्या बायका उठल्या आणि त्यांनीच हात घातला. पुरुष ओरडले. बायकांनी ऐकलं नाही. पलीकडच्या हाका त्यांनाही ऐकू येत होत्या, आणि त्या घरांत त्या जुन्या हाकाही ऐकलेल्या बायका होत्या. एकेक करून सातही अडसर घाटावर आले आणि साळूच्या पायांशी पडले.

साळूनं ते नीट बघितले आणि उठून दोर सोडला. एवढ्यात पलीकडची चिता, जी आतापर्यंत लाल दिसत होती, ती विझली. एकदम विझली. पाणी उंचवट्यावर चढलं होतं.

घाटावर सगळे कान देऊन उभे राहिले. फक्त नदीचा आवाज होता. बऱ्याच वेळानं साळूनं दोर परत खुंट्याला गुंडाळला.

“थांबल्या हाका,” ती म्हणाली. “तिच्या बी अशाच थांबल्या असतील.”

इथं मंडळी मला हमखास विचारतात, तिला पुढे पस्तावा झाला का. तुम्हीही विचारणार होता, तोंडावर दिसतंय. झाला, असं म्हणायला मलाही बरं वाटलं असतं. पण तसं कुणी सांगत नाही. सांगतात ते असं, की त्या दिवशी घरी जाऊन साळू जेवली. ठकू गेल्यापासून तिनं मीठ सोडलं होतं, त्या दिवशी तिनं भाकरीवर मीठ घेतलं. ते सात अडसर तिनं नदीत लोटून दिले. कुणी तिच्याशी भांडायला आलं नाही. आळीनं नवे अडसर केले नाहीत. सुतार तयार होते, लाकूड होतं. पण भोकं बुजवायचं किंवा अडसर घालायचं नाव काढलं की घरातल्या बायका पुरुषाच्या तोंडाकडे अशा काही बघायच्या, की त्यानं विषय बदलावा. पुढे पेंढारी आले, लुटून गेले, तरी केले नाहीत.

आजही करत नाहीत. कडी लावतात, कुलूप लावतात, एका वाड्यात तर कॅमेरा बसवलाय. पण अडसर नाही. आणि पूर आला की कडीसुद्धा लावत नाहीत, दोन्ही फळ्या सताड उघड्या टाकतात. पाणी अंगणात आलं तरी चालतं.

आणखी एक सांगून संपवतो. आता नदीवर पूल झालाय, सगळं गाव पुलावरून जातं, मढीसुद्धा गाडीतून जातात. देसायांच्या घरातलं मढं मात्र आजही नावेनं जातं. नाव भोयांची, वल्हं भोयांचं. देसायांचे पुरुष पुलावरून चालत पलीकडे जातात आणि तिथं नावेची वाट बघत थांबतात. गेल्या भाद्रपदात थोरले देसाई वारले. त्यांचा मुलगा पुण्यात इंजिनिअर आहे. फार सज्जन मुलगा, मला दिवाळीला शाल देतो. तो घाटावर म्हणाला, बाबांबरोबर मी नावेतच बसणार, या काळात असलं काही मी मानत नाही.  पांडबा भोई वल्हं धरून उभा होता. तो बाजूला सरकला, हातानं फळी पुसली आणि म्हणाला, “बसा की, देसाई.”

इतक्या गोडीनं म्हणाला, की त्या मुलानं उचललेला पाय खाली ठेवला, चपला घातल्या आणि पुलाकडे चालू लागला.